सांगली-मिरजेहून हंपी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

हंपीहून परतलेली माणसं दोन प्रकारची. काही म्हणतात, "दगडंच दगडं, आणि ऊन मरणाचं." काही पुढच्या रजेची तारीख विचारत असतात. पहिल्या गटातल्या बहुतेकांनी एकतर मे महिना गाठलेला असतो, नाहीतर रिक्षात बसून एका दिवसात "एकवीस पॉइंट" उरकलेले असतात. हंपी म्हणजे तिकीट काढून आत शिरायचं एखादं स्थळ नव्हे. तुंगभद्रेकाठचं एक छोटं, निवांत गाव आहे. त्याच्या भोवती चाळीस चौरस किलोमीटरांहून जास्त भागात विजयनगरच्या राजधानीचे अवशेष पसरलेत. मध्ये केळीच्या बागा आहेत, भाताची खाचरं आहेत, आणि त्यांना पाणी देणारे काही कालवे विजयनगरच्या काळापासून वाहताहेत. १३३६ साली स्थापन झालेलं हे राज्य १५६५ च्या तालीकोटच्या लढाईत हरलं. त्यानंतर राजधानी लुटली गेली आणि ओस पडली. १९८६ पासून हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तो पाहायला किमान दोन पूर्ण दिवस आणि तीन रात्री हव्यात. तेवढी रजा नसेल तर सहल पुढे ढकला.

१. महिना ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चच्या मध्यापासून ग्रॅनाइटचे खडक तापायला लागतात, एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी गाठतो. त्या दिवसांत खरी अडचण तळपायांची होते, कारण देवळांत अनवाणी चालावं लागतं.

पावसाळ्यात हंपी हिरवंगार आणि रिकामं असतं, खोल्याही स्वस्त मिळतात. पण नदीचं गणित समजून घ्या. कोयनेच्या खोऱ्यात पाऊस कोसळतो आणि सांगलीत आयर्विन पुलाखाली पाणी चढतं, तसंच इथे आहे. पाऊस पडतो शिमोगा-चिकमगळूरच्या घाटात, भरतं होस्पेटजवळचं तुंगभद्रा धरण, आणि दरवाजे उघडले की हंपीच्या घाटावर पाणी येतं. हंपीत तेव्हा कडक ऊनही असू शकतं. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी धरणाच्या विसर्गाची बातमी बघा. विसर्ग मोठा असला की होड्या बंद होतात आणि विठ्ठल मंदिराजवळचा नदीतला पुरंदरदास मंडप पाण्याखाली जातो. तिथले लोक पुराचा अंदाज त्या मंडपावरूनच घेतात.

दिवाळीची सुटी, नाताळ ते नववर्ष आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. कर्नाटक सरकारच्या हंपी उत्सवाच्या तारखा दरवर्षी बदलतात. उत्सव पाहायचा नसेल तर ते दिवस वगळा, खोलीचे दर दुपटीवर जातात.

२. पोचायचं कसं

*रेल्वे.* सर्वांत सोपी म्हणजे कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया एक्स्प्रेस. मिरज, बेळगाव, हुबळी, गदग, कोप्पळ करत ती होस्पेटला जाते. ती सांगली स्टेशनला येत नाही, मिरजेलाच बसायचं. दुपारच्या सुमारास मिरज सोडून रात्री होस्पेटला उतरवते. वेळापत्रक बदलतं, तेव्हा नेमकी वेळ तिकिटावरच पाहा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. तिरुपतीला जाणाऱ्यांमुळे गाडी भरलेली असते, म्हणून शेवटच्या आठवड्यावर विसंबू नका. जागा मिळाली नाही तर मिरजेहून हुबळीपर्यंत मिळेल ती गाडी घ्या. तिथून संध्याकाळी म्हैसूरला जाणारी हंपी एक्स्प्रेस होस्पेटवरून जाते.

नावाचा एक गोंधळ: "हंपी" नावाचं स्टेशनच नाही. शोधायचं ते होस्पेट, कोड एचपीटी. पाट्यांवर आता "होसपेटे" असं दिसेल, जिल्हा विजयनगर.

*स्वतःची गाडी.* दोन रस्ते आहेत. बेळगाव-हुबळी-गदग-कोप्पळ हा चांगला, पण हुबळीपर्यंत ट्रकांचा. दुसरा जत-विजापूर-कुष्टगी. दोन्हींकडून अंतर साधारण साडेतीनशे ते पावणेचारशे किलोमीटर भरतं, थांबे धरून आठ तास. जत-विजापूरच्या रस्त्याने जाणाऱ्यांना वाटेत अलमट्टी धरणही बघता येतं. सांगलीकराने ते एकदा डोळ्यांनी पाहिलेलं बरं, दर पावसाळ्यात आपल्याकडे त्याच्या नावाने भांडणं होतात.

*एसटी-बस.* विजापूर किंवा हुबळीला गाडी बदलावी लागते. इथे महिलांचा हमखास गैरसमज होतो. आपल्या एसटीची अर्ध्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. कर्नाटकातला महिलांचा मोफत प्रवास तिथल्या रहिवासी महिलांसाठी आहे, आधार कार्डावर सांगलीचा पत्ता असेल तर पूर्ण तिकीट लागेल. कंडक्टरशी वाद घालण्यात अर्थ नाही.

होस्पेट ते हंपी तेरा किलोमीटर. होस्पेटच्या बसस्थानकावरून दिवसभर बस असतात, पण रात्री उतरलात तर फक्त रिक्षा, आणि भाडं तो म्हणेल ते. रात्री उशिरा पोचणार असाल तर पहिली रात्र होस्पेटमध्येच काढा आणि सकाळच्या पहिल्या बसने हंपीत या. स्टेशनाबाहेर "हंपीत खोल्या बंद आहेत, मी दाखवतो" म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका.

३. मुक्काम कुठे

तीन पर्याय आहेत, स्वभाव पाहून निवडा.

*हंपी गाव.* विरूपाक्ष मंदिराच्या शेजारच्या गल्ल्यांत घरगुती खोल्या मिळतात. लहान, साध्या, पण पहाटे दार उघडलं की पाच मिनिटांत तुम्ही टेकडीवर किंवा नदीवर. वस्ती देवळाची असल्याने इथे मांसाहार आणि दारू मिळत नाही. रात्री नऊनंतर गाव झोपतं. हाच पर्याय आम्ही सुचवू.

*आनेगुंदी आणि सणापूर.* नदीपलीकडे, कोप्पळ जिल्ह्यात. भातशेतीतली होमस्टे, झोपाळे, उशिरापर्यंत चालणारी उपाहारगृहं. मुक्काम छान, पण मुख्य अवशेष अलीकडच्या काठावर आहेत आणि रस्त्याने पुलावरून यायला पंधरा-वीस किलोमीटरचा वळसा पडतो.

*होस्पेट.* लिफ्ट, एसी, गाडी लावायला जागा. गुडघे दुखणारी आई-बाबा मंडळी सोबत असतील तर बिनदिक्कत इथेच राहा.

जुन्या लेखांत विरूपापूर गड्डीची, म्हणजे "हिप्पी आयलंड"ची, भरभरून शिफारस आढळेल. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२० मध्ये तिथली रिसॉर्ट पाडली गेली. त्या पत्त्यावर आगाऊ पैसे मागणाऱ्याला पैसे पाठवू नका.

४. सोबत काय घ्याल

- प्रत्येकाचं आधार कार्ड (खोली देताना मागतातच), गाडी भाड्याने घ्यायची असेल तर लायसन्स
- सुट्या नोटांत दोन दिवसांचा खर्च. यूपीआय बहुतेक ठिकाणी चालतं, पण खडकांच्या आड रेंज जाते आणि मग नारळपाणीवाल्यासमोर उभं राहावं लागतं
- चांगली पकड असलेले बूट, आणि देवळांसाठी जाड मोजे
- माणशी दोन लिटर पाणी, टोपी, ओआरएसची पाकिटं
- बॅटरी. पहाटेच्या चढासाठी लागते, आणि भूमिगत शिवमंदिरातही, जिथे बऱ्याचदा घोट्यापर्यंत पाणी असतं
- गुडघे आणि खांदे झाकतील असे कपडे, विरूपाक्ष मंदिरासाठी
- भडंग. मात्र बंद डब्यात. प्लास्टिकची पिशवी हातात दिसली की माकडं ती घेतात, विचारत नाहीत

स्वतःच्या गाडीने असाल तर पेट्रोल होस्पेट किंवा कमलापूरला भरा.

५. पहिला दिवस: देवळांचा भाग, पायी

रिक्षा करू नका. सूर्योदयाला हेमकूट टेकडीवर जा. चढ सोपा, दहा मिनिटांचा. टेकडीवरची पायऱ्यापायऱ्यांच्या शिखरांची छोटी देवळं विजयनगरच्या भव्य बांधकामांआधीची आहेत. ती आधी पाहिली की पुढचा बदल आपोआप लक्षात येतो. मातंग टेकडीवरून दिसणारा सूर्योदय जास्त प्रसिद्ध आहे, पण ती वाट अंधारात एकट्याने करू नका. पायऱ्या तुटक्या आहेत, आणि या डोंगरांत बिबटे आहेत. चार-पाच जण मिळून जा.

मग विरूपाक्ष मंदिर. हे भग्नावशेष नव्हे, पूजा चालू असलेलं देऊळ आहे. सकाळीच उरका, दुपारी ते बंद ठेवतात. पूर्वेचं गोपुर नऊ मजली, जवळपास पन्नास मीटर उंच. गाभाऱ्याच्या मागच्या बाजूला एका अंधाऱ्या खोलीत भिंतीच्या छिद्रातून याच गोपुराची उलटी सावली समोरच्या भिंतीवर पडते. पाटी शोधत बसू नका, कुणालाही विचारा. लख्ख ऊन असेल तरच ती स्पष्ट दिसते.

दहाच्या आत दक्षिणेकडे निघा: कडलेकाळू गणपती (साडेचार मीटर, एका शिळेत), सासिवेकाळू गणपती, कृष्णदेवरायाने उदयगिरी जिंकल्यावर १५१३ मध्ये उभारलेलं कृष्ण मंदिर, त्याच्यासमोरचा बाजार आणि पुष्करणी. त्यापुढे १५२८ सालचा लक्ष्मी-नृसिंह, ६.७ मीटर उंच. मांडीवरची लक्ष्मी भंगलेली आहे, तिचा नृसिंहाच्या पाठीमागे गेलेला हात मात्र अजून दिसतो, तो बाजूने जाऊन शोधा. शेजारी बडवीलिंग, तीन मीटर उंच, कायम पाण्यात उभं.

बारा ते चार झोपा. खरंच. गावही त्या वेळी पेंगतं, दुकानदार खाटेवर आडवे होतात. उन्हात फिरणारे फक्त एका दिवसाच्या सहलीवाले असतात. संध्याकाळी नदीकाठी बसा. पाण्यात मात्र उतरू नका. तुंगभद्रेत मगरी आहेत आणि खडकांमधले भोवरे वरून दिसत नाहीत. सांगलीच्या घाटावर पोहायला शिकलात तरीही नाही.

६. दुसरा दिवस: तिकिटाचा दिवस

पुरातत्त्व खात्याचं एकच तिकीट तीन ठिकाणी चालतं: विठ्ठल मंदिर, जनाना विभाग (कमल महाल आणि गजशाळा) आणि कमलापूरचं संग्रहालय. भारतीयांना ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना मोफत. अट एवढीच की तिन्ही त्याच दिवशी पाहायची. अनेक जण संध्याकाळी विठ्ठल मंदिर करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढतात. क्यूआर कोडवरून काढलंत तर स्क्रीनशॉट जपून ठेवा. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, म्हणून हा दिवस शुक्रवारी येऊ देऊ नका.

*विठ्ठल मंदिर.* गाडीने गेलात तर गाडी गज्जल मंडपाशी लावून पुढचा एक किलोमीटर चालत किंवा बॅटरीच्या गाडीने जायचं, आणि सुटीच्या दिवशी तिची रांग मंदिराहून लांब असते. त्यापेक्षा हंपी बाजाराच्या पूर्व टोकाच्या एकशिला नंदीपासून नदीकाठची पायवाट धरा. दोनेक किलोमीटर, सपाट. वाटेत कोदंडराम मंदिर लागतं, अच्युतराय मंदिराकडे जाणारा ओस बाजार लागतो, सुग्रीवाची गुहा आणि राजाची तुला म्हणतात ती दगडी कमान लागते. साडेसातला निघालात तर साडेआठला दार उघडताना तुम्ही तिथे असाल, आणि दगडी रथासमोर अर्धा तास तरी गर्दी नसेल. पन्नास रुपयांच्या नोटेमागचा रथ तो हाच. मुळात ते गरुडाचं देऊळ आहे. चढायला बंदी आहे.

घरातल्या वारकरी मंडळींना आधीच सांगून ठेवा: या मंदिरात मूर्ती नाही. पंढरपूरचा विठ्ठल विजयनगरला नेला होता आणि एकनाथांचे पणजोबा संत भानुदास यांनी तो परत आणला, अशी आपल्याकडची परंपरा आहे. रिकाम्या गाभाऱ्यासमोर हात जोडणारे मराठी लोक तिथे हमखास दिसतात. सूर काढणाऱ्या खांबांना हात लावू देत नाहीत. "वाजवून दाखवतो, शंभर रुपये द्या" म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

*राजवाड्याचा भाग.* इथे अंतरं मोठी आहेत, म्हणून दुपारनंतर रिक्षा किंवा सायकल. रिक्षा "पॉइंट"वर ठरवू नका, तासांवर ठरवा आणि ठिकाणं कागदावर लिहून द्या. पॉइंटवाल्या यादीत रस्त्याकडेची प्रत्येक भिंत धरलेली असते.

क्रम असा: आधी कमलापूरचं संग्रहालय, कारण तिथल्या अंगणात संपूर्ण हंपीची मोठी प्रतिकृती आहे. ती दहा मिनिटं नीट पाहिली की डोंगर, नदी आणि तटबंदी डोक्यात बसते. शक्य असेल तर ती पहिल्याच दिवशी पाहावी असं आमचं मत, पण तिकिटाची अट आडवी येते. मग राणीचं स्नानगृह, महानवमी दिब्बा (उंच दगडी चौथरा) आणि त्याच्याजवळची पायऱ्यांची पुष्करणी. काळ्या दगडाची ही पुष्करणी १९८० च्या दशकात उत्खननात सापडली. तिला पाणी पुरवणारी दगडी पन्हळ जमिनीवरून चालत आलेली दिसते, तिचा माग काढत उलटं चालत जा. हजारराम मंदिराला पाऊण तास द्या: बाहेरच्या आवारभिंतीवर हत्ती, घोडे, नर्तकी यांच्या मिरवणुकीचे पट्टे आणि आत देवळाच्या भिंतींवर अख्खं रामायण. स्नानगृहापासून इथपर्यंत कुठेच तिकीट नाही. कमल महाल आणि अकरा दालनांची गजशाळा शेवटी ठेवा, साडेपाचच्या आत.

वाटाड्या घ्यायचा असेल तर पर्यटन खात्याचं ओळखपत्र पाहून घ्या, आणि याच भागासाठी घ्या. विरूपाक्षाजवळ त्याची गरज नाही.

७. तिसरा दिवस: नदीपलीकडे

विरूपाक्षाच्या घाटावरून लहान मोटारबोट पलीकडे जाते, तळवार घाटावरून आनेगुंदीला जाता येतं. शेवटची होडी अंधार पडायच्या आत सुटते. ती चुकली तर वीस किलोमीटरचा रिक्षाचा वळसा, आणि रिक्षावाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं. जातानाच परतीची वेळ विचारा.

अंजनाद्री टेकडीला ५७५ पायऱ्या आहेत. सकाळी सातला सुरुवात करा, शनिवार टाळा. प्रसादाची पिशवी चढताना हातात नको. हनुमानाचं जन्मस्थान हेच, असं इथे मानतात. नाशिकच्या अंजनेरीचा विषय तिथे काढू नका. खाली पंपा सरोवर, मग आनेगुंदीचं जुनं गाव: रंगनाथ मंदिर, गगन महाल आणि चहा. सणापूरच्या तलावात गोल टोपलीसारखी होडी फिरवतात. जीवरक्षक जाकीट अंगात घातल्याशिवाय बसू नका, आणि कालव्याच्या काठाने अंधारात फिरू नका.

८. खाणं

सकाळी बसस्थानकाजवळच्या गाड्यांवर इडली-वडा खा आणि एकदा तरी मंडक्की ओग्गरणे मागा. चुरमुरे भिजवून फोडणी घातलेले असतात, सोबत मिरचीभजी. कुरकुरीत भडंगावर वाढलेल्यांना पहिला घास विचित्र लागतो, तिसऱ्याला मत बदलतं. दुपारी ज्वारीची भाकरी आणि भरल्या वांग्याचं ताट होस्पेट-कमलापूरच्या खानावळींत चांगलं मिळतं. हंपी गावातली पर्यटकांसाठीची उपाहारगृहं महाग आणि संथ आहेत. भूक लागायच्या अर्धा तास आधी ऑर्डर द्या. मिरज-जतकडच्यांची मोडकी कानडी इथे छान चालते, हिंदीपेक्षा भाव कमी होतो.

९. नियम, आणि ते का आहेत

खांबांवर चढून फोटो काढू नका. २०१९ मध्ये काही तरुणांनी खांब ढकलून पाडल्याचा व्हिडिओ पसरला. न्यायालयाने त्यांना प्रत्येकी ७० हजार रुपये दंड केला आणि तेच खांब परत उभे करायला लावले. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. जोराच्या पावसात उघड्या मंडपांत आसरा घेऊ नका. २०२४ च्या मे महिन्यात पावसाने विरूपाक्षासमोरच्या बाजारातल्या मंडपाचा काही भाग ढासळला होता.

१०. परतीचा दिवस

मिरजेकडे येणारी हरिप्रिया होस्पेटला सकाळी येते. हंपीतल्या मुक्कामाहून स्टेशन गाठायला अर्धा-पाऊण तास धरा. पहाटे रस्त्यावर रिक्षा मिळत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी रिक्षावाल्याशी वेळ आणि भाडं ठरवून त्याचा नंबर घ्या, खोलीमालकालाही सांगून ठेवा. खोलीचे पैसे रात्रीच चुकते करा. पहाटे मालक उठवावा लागतो, आणि त्याच्याकडे तेव्हा सुटे नसतात.